सावलीतली प्लेट

"तुझ्या वाट्याला शेवटची प्लेट आली, त्याला मी काय करू? नशीब तुझं," गिरणीवाला पिठाचे हात झटकत म्हणाला.

शिवणवाली मावशी गिरणीच्या ओट्यावरून हलली नाही. तिच्या घरावर कुजका पत्रा, त्यावर सोलर बसणार कसं? अशाच घरांसाठी माळावर सगळ्यांत मिळून प्लेटा बसवल्या होत्या. होईल ती वीज सभासदांच्या बिलातून वजा. गिरणीवाला या सोलर मंडळाचा अध्यक्ष, म्हणून प्लेटा वाटून देणाराही तोच. वाढणारा आधी आपल्या ताटात वाढतो. उन्हातली ओळ त्यानं स्वतःला आणि भाऊबंदांना घेतली, मावशीला दिली ती त्याच्याच बांधावरच्या झाडाखालची.

"झाड राहू द्या भाऊ, फांद्या तरी तोडा. माझे गुडघे गेलेत. या विजेच्या भरवशावर मशीनला मोटार लावली. बिल असंच येत राहिलं तर मोटार काढावी लागेल, आणि पायानं मशीन मारणं आता माझ्यानं व्हायचं नाही."

"आजोबांनी लावलेलं झाड आहे ते. माझा हात धजत नाही."

याच आजोबांच्या घराच्या वाटणीत सख्ख्या भावाला गोठा देताना त्याचा हात चांगला धजला होता.

मावशी रोज सकाळी लंगडत माळावर जायची आणि आपली प्लेट पुसायची. बाकीचेही पुसायचे, पण आपापलीच. धूळ शेजारच्या प्लेटेवर ढकलायची आणि घरी जायचं. एवढी अक्कल गावात सगळ्यांना होती.

एक दिवस वायरमन आला. "मावशी, एकच प्लेट का पुसताय?"

"माझी आहे ना."

त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, प्लेट कुणा एकाची नसते. सगळी वीज एकत्र होते आणि मग सगळ्यांना सारखी वाटली जाते. ही सावली गिरणीच्याही वाट्याची वीज खाते. अध्यक्षांना सांगायला गेलो, तर म्हणाले, मला शिकवू नकोस."

मावशीला आधी स्वतःचाच राग आला, मग हसू आलं. इतके दिवस ती आपला वाटा मागत बसली होती. लोभ्यापुढे त्याच्याच वाट्याचं रडायला हवं होतं.

दुपारी गिरणीवाल्याच्या बायकोचं माप घेता घेता ती सहज म्हणाली, "वहिनी, तुमचं झाड तुमच्याच गिरणीची वीज खातंय म्हणे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुऱ्हाड लागली. फांद्यांवर भागलं नाही, झाड बुंध्यापासून गेलं. आजोबांची आठवण कुणालाच झाली नाही.

संध्याकाळी सभेत मात्र झाली. "गोरगरिबांचा अंधार मला बघवेना," गिरणीवाला डोळे पुसत म्हणाला. "आजोबांचं झाड दिलं मी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनंही वाजवल्या, फुकट होत्या म्हणून.

मग गुडघा धरत ती घरी आली आणि तिनं मोटार चालू केली. मशीनवर अध्यक्षांचाच सदरा होता. छाती, गळा, बाह्या सगळं तिनं मापात शिवलं. खिसा तेवढा दुप्पट मोठा केला. कपडा माणूस बघून शिवावा लागतो.