संध्याकाळचं धुकं

सलूनवाल्याच्या दुकानात पूर्वी एक कादंबरी पडलेली असायची, नंबर लागेपर्यंत गिऱ्हाइकांना चाळायला. त्या गोष्टीतलं सरकार रोज संध्याकाळी गावावर धुकं सोडायचं, शेजारच्याला शेजारी दिसू नये म्हणून. झालं, गिऱ्हाइकं रेडिओवरच्या बातम्यांनाच धुकं म्हणायला लागली. पुढे पुस्तकावर बंदी आली, तेव्हा त्याने ते गुपचूप चुलीत घातलं. पण जिभेवर बसलेलं कुणी चुलीत घालावं कसं?

धाकटा भाऊ चहाच्या टपरीवर तो शब्द बोलला आणि त्याला उचलून नेलं. बोलायची अख्खी गल्ली, पण सापडला तो चोर.

आज चौकीचे साहेब स्वतः दाढीला आले.

"तुझा भाऊ म्हणतो, शब्द त्याच्याच डोक्यातला. पुस्तकबिस्तक काही नाही, घरात दुसरं कुणी असं बोलत नाही. खरंय?"

"खरंय, साहेब. लहानपणापासून जरा आगाऊच आहे तो."

साहेब हसले. "मग सकाळी घेऊन जा. आणि दोन ठेवून दे कानाखाली."

सलूनवाल्याच्या जिवात जीव आला. त्याने दुसऱ्यांदा फेस केला, वस्तऱ्याचं पातं नवं घातलं. किती तरी दिवसांनी हात मोकळा चालत होता. आईला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं. तेवढ्यात समोरच्या दुकानात बातम्यांची धून वाजली. मग रोज या वेळी खुर्चीतल्या माणसाला तो जे विचारायचा, तेच त्याने रेडिओकडे हात नेत विचारलं.

"धुकं लावू का, साहेब?"

साहेब आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. मग गळ्याभोवतीचं कापड त्यांनी स्वतःच सोडलं, अर्ध्या गालावरचा फेस पुसला आणि उठले.

"म्हणजे खोटं बोलला तो," दाराशी जाऊन ते म्हणाले. "तुम्हाला वाचवायला."

मेल्याहून मेल्यासारखं होऊन तो घरी आला. साहेब दुकानात गेल्याचं आईच्या कानावर आलंच होतं. तिने धाकट्याचं अंथरूण झटकून घातलं होतं, उशीला धुतलेला अभ्रा.

"काय रे," ती म्हणाली, "आज धुक्यात काही सांगितलं का, पोरांना सोडणार म्हणून?"

त्याने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हातारी घाबरली. हात काढायचंही त्याला सुचेना, आणि तसाच उभा राहून तो रडायला लागला.