हिरव्याचा होल्डर

मित्रांनो, मी एक जुना लाल एलईडी आहे, वाटाण्याहूनही लहान. माझी कहाणी सांगायची तर आधी शेजारच्या हिरव्याचं नाव घ्यावं लागतं, आणि तिथेच माझं डोकं फिरतं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका ताईने आम्हा दोघांना तिच्या वडिलांसाठी बनवलेल्या पेटीत बसवलं. वडिलांना अजिबात ऐकू येईनासं झालं होतं. दाराची बेल वाजली की मी लुकलुकायचं, म्हणजे कोणी आलंय हे त्यांना कळेल. आणि हिरव्याचं काम काय? पेटीत वीज आहे एवढं सांगत दिवसभर नुसतं जळत बसायचं!

पण थाट बघा त्याचा. दिव्याला पत्र्यात घट्ट धरून ठेवणारा होल्डर ताईकडे एकच उरला होता. पुढच्या पत्र्याच्या भोकात काळी कॉलर, मागून घट्ट दाबलेली रिंग, आणि त्यात हा ऐटीत बसलेला. माझंही भोक होल्डरच्या मापाचं पाडून झालं होतं, म्हणजे नुसत्या मला ते मोठंच. मग मला मागून गरम गोंदाचा एक गोळा लावून चिकटवलं.

"होल्डर आणला की बदलते," ताई म्हणाली. कामाच्या रगाड्यात ते राहूनच गेलं.

वडील सकाळी उठले की हिरव्याकडे बघून "चालू आहे" म्हणायचे. माझ्याकडे लक्ष जायचं ते दूधवाला आला तरच. मी आतल्या आत जळफळायचो. त्यात ते रोज फडक्याने पेटी पुसायचे आणि प्रत्येक वेळी माझा गोंद थोडा सैल व्हायचा.

एके दिवशी वडिलांची बहीण येणार होती. तिच्या मुलीच्या लग्नाला वडील गेले नाहीत, तेव्हापासून भावाबहिणीत अबोला होता. अखेर तीच येते म्हणाली. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि आनंदाच्या भरात पेटी जरा जास्तच जोर लावून पुसली. गोंद सुटला आणि मी पेटीच्या आत पडलो.

बेल वाजली. मी जीव तोडून लुकलुकलो, पण माझा उजेड पडला तो आतल्या वायरींवर. बेल पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. समोरच्या खुर्चीत वडील हिरव्यावर डोळे लावून बसले होते. तो जळतोय म्हणजे पेटी ठीक आहे, असं त्यांना वाटत होतं. विझलेला मी आणि रिकामं भोक, लांबून सारखंच दिसतं.

संध्याकाळी ताई घरी आली. "ती आलीच नाही," म्हणून वडील न जेवताच भिंतीकडे तोंड करून पडले. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"तुझ्या बापाने दार उघडलं नाही गं. आता त्या घराचा उंबरा चढायची नाही मी."

ताई तडक बाहेर गेली, बेल दाबली आणि दारातूनच पेटीकडे पाहत राहिली. मग तिने पेटी उघडली.

"अरे देवा, हा तर आत पडलाय!" तिने हिरव्याचा होल्डर काढला आणि मला घातला. "खरं काम याचं, आणि मी यालाच गोंदावर ठेवलं."

मागून रिंग दाबली गेली तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू! पण दुसऱ्याच दिवशी तिने हिरव्यासाठी कोरा, चकचकीत होल्डर आणला. म्हणजे मला त्याचा उतरलेला!

ताईने आत्याला फोन केला. "आत्या, बाबांना बेल ऐकू येत नाही. ते दिवा बघून दार उघडतात. दिवाच पडला होता गं." आत्याने विचारलं, "आता नीट बसवलास का?"

मित्रांनो, पत्र्यावर दिवा बसवाल तेव्हा मागे हात घालून तो हलतोय का ते बघा. नंतर करू म्हणून कुणाला गोंदावर ठेवू नका.

काल बेल वाजली. मी लुकलुकलो. वडिलांनी पाहिलं ते थेट माझ्याकडे, हिरव्याकडे नाही. पण क्षणभरच. लगेच पाठ फिरवून ते अनवाणीच दाराकडे धावले आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, "आलीस?"

हिरव्याचं मला आता काही वाटत नाही. दारात उभ्या असलेल्या त्या बाईचा मात्र फार हेवा वाटतो.