सविताच्या पातीवरचं खुरपं

आमच्या भुईमुगाच्या खुरपणीला केशरबाईंची टोळी येते. तिसगावात त्यांना सांगायला गेलं की त्या विचारतात, खुरपी किती पाहिजेत. म्हणजे बायका किती. मी कारखान्याच्या वसाहतीत उमेदीची वर्षं घालवून इकडे राहायला आलेली. पहिल्या वर्षी त्यांना म्हणाले, खुरपी घरात भरपूर आहेत, बायकाच नाहीत. तो किस्सा त्या अजून टेम्पोभर सांगतात.

तेव्हापासून मी कान टवकारून असते. 'खुरप्याला गेली' म्हणजे मजुरीला गेली. 'खुरपं ठेवलं' म्हणजे गुडघ्यांनी साथ सोडली, आता घरी बसून नातवंडं सांभाळायची. एखादीची सासू बोलायला लागली की 'तिचं खुरपं चालू झालं', मग मुळापर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही. मधे पुतण्या अर्णवने पुण्याहून बागकामाचा संच पाठवला. त्यातलं खुरपं सरळ पात्याचं, हिरव्या प्लास्टिकच्या मुठीचं. केशरबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. "ह्यो कालथा हाय. भाजी परता." कुंड्यांना मी तोच वापरते, त्या नसताना.

यंदा मात्र मी पाहिलं ते नवीनच होतं. सगळ्या जणी आपापली पात, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी धरून बसल्या होत्या. मधली एक पात रिकामी, आणि तिच्या तोंडाशी एक खुरपं मातीत रोवलेलं. शेजारच्या दोघी सरकत सरकत तीही पात उरकत होत्या. चहा घेऊन गेले तेव्हा राहवेना, विचारलं.

खुरपं सविताचं होतं. सविता बाळंतपणाला जामखेडला, माहेरी गेलेली. जाताना खुरपं टोळीपाशी ठेवून गेली. ज्या रानात टोळी, त्या रानात ते रोवायचं. काम संपेपर्यंत, रात्रीसुद्धा, काढायचं नाही. ते मातीत आहे तोवर टोळीतली जागा तिची. टेम्पोत मावतील तेवढ्याच बायका, त्यामुळे जागा एकदा गेली की दुसरी कुणी सुटेपर्यंत तिने घरी बसायचं. आणि जागेवर डोळा ठेवून एक जण होतीच. आमच्या शेजारच्या वस्तीवरची नवी सून, रश्मी. रोज सकाळी खुरपं घेऊन टेम्पोपाशी उभी राहायची आणि टेम्पो गेला की परत जायची.

मी विचारलं, खुरपं निघालं तर काय होतं.

"मग पात मोकळी," केशरबाई कपातला चहा बशीत ओतत म्हणाल्या. "पन काडतंय कोन?"

काढणारा माझ्याच घरात होता. आमचे हे, हेमचंद्र, कारखान्यात स्टोअरकीपर होते. नोकरी संपली पण स्टोअर संपलं नाही. शेडमध्ये प्रत्येक अवजाराला खिळा आहे आणि खिळा रिकामा दिसला की यांना जेवण जात नाही. संध्याकाळी टोळी गेल्यावर हे रानातून फेरी मारतात. त्या दिवशी मी तिसगावला बाजारात होते. यांना मातीत एक खुरपं दिसलं. कुणी तरी विसरून गेलं, बायकांना वस्तूची किंमत नाही, असं म्हणत यांनी ते उपटलं, धुतलं, तेल लावलं आणि शेडमध्ये नवा खिळा ठोकून टांगलं.

सकाळी टोळी आली तेव्हा मोकळ्या पातीवर रश्मी बसलेली होती. खुरपणीला सुरुवातही केली होती. बायका बांधावरच थांबल्या. रश्मी म्हणाली, मी काढलेलं नाही, मी आले तेव्हा नव्हतंच, मोकळी पात धरली तर माझं काय चुकलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हीच पंचाईत होती. दोघी-तिघींनी सविताचं नाव काढलं, एक म्हणाली की रीत ती रीत, खुरपं नाही तर पात मोकळी. केशरबाई मातीतल्या भोकाकडे बघत होत्या.

तेवढ्यात हे शेडमधून आले, चकचकीत खुरपं हातात घेऊन. कुणाचं राहिलंय, विचारायला लागले.

मी डोळ्यांनी खुणा केल्या. यांना आयुष्यात कधी माझ्या खुणा कळल्या नाहीत.

"काका, तुमी काडलं व्हय," केशरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट सुटल्यासारखं होतं. "मग बसा. काडील त्यानं पात धरायची. रश्मे, ऊठ. जागा काकांची हाय."

अशी रीत खरंच होती की केशरबाईंनी तेव्हाच पाडली, हे मला अजून कळलेलं नाही. बायकांपैकी कुणी हटकलं नाही, एवढं खरं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप गोळा करायला लागले, कप नव्हतेच तरी. मग यांनी पँट वर ओढली आणि बसले.

गवताबरोबर भुईमूगही निघायला लागला. रश्मी बांधावरून बघत होती. तिला बघवेना. उठून यांच्या मागे बसली आणि उपटलेली रोपं परत मातीत दाबत यायला लागली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाण्याच्या घागरीपर्यंत पोचता पोचता यांची कंबर धरली.

केशरबाई वर न बघता म्हणाल्या, "काका, बदली मानूस देता येतं. पात तुमच्याच नावावर ऱ्हाती."

आता हे स्टोअरकीपर झाले. रश्मीला म्हणाले, "वापरायला देतो. परत करायची."

"सविताअक्का आली की देते," रश्मी म्हणाली. "तवर माजा हात तर दिसंल सगळ्यांना."

दुपारी भाकरी खाताना केशरबाईंनी सविताला फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं. आपल्या पातीवर कोण आहे, हेच तिने आधी विचारलं.

"दादल्या मानसाला बसवलंय," केशरबाईंनी सांगितलं. "लवकर ये, भुईमूग संपंल."

खुरपं यांनी स्वतःच परत रोवलं, पहिल्यापेक्षा खोल. संध्याकाळी फेरीला गेले तेव्हा त्याला लांबून वळसा घातला. शेडमधल्या त्या रिकाम्या खिळ्यावर मी गमतीने अर्णवचा कालथा अडकवला होता. हे आले, तो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ही जागा धरलेली आहे."