पुनाच्या डोक्यावरची चुंबळ

मी चुंबळ बोलतेय. ओझं वाहणाऱ्याच्या डोक्यावर कापडाची गोल वळी असते ना, तीच मी. माझ्याकडे कोणी बघत नाही. लोक बघतात वरच्या ओझ्याकडे.

पासष्ट साली सावद्याला प्रमिलाबाईनं मला शिवलं. वरून तिच्या जुन्या लुगड्याचा पदर, आत वाळलेली केळीची पानं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. केळीच्या घडांचे देठ रुतून नवऱ्याच्या, पुनाच्या, टाळूला जखमा झालेल्या तिला बघवेनात. मला त्याच्या डोक्यावर ठेवून तिनं विचारलं, "आता टोचते का?"

"नही. गादीवानी लागते," पुना म्हणाला, आणि दोघं खूप हसली.

पुना केळी वाहायचा. मळ्यातून बैलगाडीत, आणि स्टेशनात बैलगाडीतून फळीवरून मालगाडीच्या वाघिणीत. बाकीचे हमाल एकेक घड नेत, पुना डोक्यावर दोन घ्यायचा. गाडी सुटायची घाई झाली की मुकादम पितांबर म्हणायचा, "पुना आला, आता गाडी भरली समजा!" हे ऐकलं की माझ्याखालची मान आणखी ताठ व्हायची. टाळूला टोचत नव्हतं, म्हणून सगळं ठीक आहे असं त्याला वाटे, आणि मलाही. सगळं वजन मानेच्या मणक्यांत उतरत होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सहा-सात वर्षांनी मान आखडली. कोणी हाक मारली की पुना अख्खा वळायचा, पायांसकट. बाया हसायच्या, "नवरदेवावानी वयतो!" मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. सदऱ्याच्या गुंड्या प्रमिलाबाई लावून देऊ लागली. एकदा त्यानं चुलीवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं आणि भाजलेलं त्याला कळलंच नाही. तेव्हा तिनं त्याला बळंबळं जळगावच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं.

पिशवीत मीही होते. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढून उजेडासमोर धरला. "मणके झिजलेत, शीर दाबली जातेय. डोक्यावर ओझं कायमचं बंद. नाहीतर आज बोटं गेली, उद्या पाय जातील."

"मंग मी काय करू, साहेब?" पुनानं विचारलं.

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून पुढे केली.

घरी प्रमिलाबाई वाटच पाहत होती. "काय म्हने डॉक्टर?"

"गोया दिल्या. होईन बरं."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच्या डोक्यावर होते.

हंगाम भरात आला. एका दुपारी फळीच्या मधोमध पुनाचे गुडघे एकाएकी लटपटले. घड फुटले, मी रुळांत जाऊन पडले. पुना शुद्धीवर होता, पण उठता येईना. मूठ वळेना. कोणीतरी मला उचलून त्याच्या उशाला ठेवलं, आणि मी त्याच्याबरोबरच दवाखान्यात गेले.

दवाखान्यात डॉक्टर रागावले, तेव्हा प्रमिलाबाईला खरं कळलं. "मले कायले सांगतलं नही?"

"सांगतलं असतं त तू जाऊ दिलं असतं का?"

"नसतं दिलं."

"मंग खाल्लं काय असतं आपुन?"

ती नुसती त्याची बोटं चोळत राहिली.

पुना हळूहळू चालायला लागला, हात मात्र गेले ते गेलेच. एका सकाळी प्रमिलाबाईनं मला उचललं, स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि स्टेशनाची वाट धरली. पुना मागोमाग भिंतींच्या आधारानं आला.

"पितांबरभाऊ, हिले वाहू देऊ नको," तो म्हणाला. मग हमालांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. "मी हा इथं उभा. पाय न हालवता ज्याची मान वयते, त्यानं माह्याकडे पाहावं."

दोघं-तिघं हसले. मग एकेकानं करून पाहिलं. जवान होते त्यांना जमलं. बाकीच्यांचे खांदे वळले, कंबर वळली, पाय सरकले. हसणं थांबलं. पितांबरचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. तोही एके काळी हमालच होता.

त्यानं प्रमिलाबाईला वाघिणीत घडांखाली पानं अंथरायचं काम दिलं. दोन घड कोणी घ्यायचे नाहीत, असंही बजावलं. काही दिवस ते पाळलं गेलं. मग एकदा गाडी सुटायला आली, माल राहिला, आणि त्यानंच ओरडून दोन-दोन घड उचलायला लावले.

आज शेजारची कमलबाई आली. तिचा नवरा हमालीवर लागतोय. "अक्का, तुमची चुंबय पडूनच आहे. देता का?"

प्रमिलाबाईनं पुनाकडे पाहिलं. मग विळा ओढला आणि माझी शिवण उसवायला घेतली. "हिच्यानं ओझं हलकं होत नही, कमल." तिनं पुनाचे हात पुढे धरले. "यायचे हात पाह्य."

कमलबाईनं पाहिले. तिचे डोळे भरले. पदरानं ते पुसून ती उठली. "काम त तेच आहे, अक्का. दुसरी शिवते मी."

आता माझ्यातली पानं अंगणात सांडलीत. थोडेच टाके उरलेत, त्यामुळे फार बोलता यायचं नाही. कमलबाईच्या नवऱ्याला मी पाहिलेलं नाही. सोमवारपासून तो स्टेशनावर जाणार आहे. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात तर त्याला गाठा. एकच घड घे म्हणावं, गाडी सुटली तरी चालेल.