रंगुबाईने फोडलेला वीरगळ

मित्रांनो, मी कर्जतकडच्या माळावरचा एक जुना वीरगळ आहे. खरं तर आता अर्धाच. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरलेला दगड म्हणजे वीरगळ.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी सीना नदीच्या काठी दोन राजांची सैन्यं भिडली. शीव कुठे असावी, एवढाच वाद होता. दुपारी लढाई संपली, तेव्हा नदीच्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड लावीनात. तिथे एका कुणब्याचा एकुलता मुलगा पडला. त्याने दोन्हींपैकी एकही राजा कधी पाहिला नव्हता. बापाने पाथरवटाकडून मला घडवून घेतलं. खाली भाला लागून पडलेला मुलगा, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पिंड.

पुष्कळ वर्षं मला तेल-शेंदूर मिळाला. पुढे त्या घरची माणसं पांगली. मी आडवा झालो, मातीत रुतलो.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. माळावर रस्त्यासाठी खडी फोडायचं काम निघालं. कारभारी नावाच्या मुकादमाने मला पहारीने उचकटून रंगुबाईपुढे टाकलं. तिचा मुलगा गहिनीनाथ आदल्या वर्षीच्या युद्धात गेला होता. घरी नुसती तार आली होती.

रंगुबाईने माझ्यावरची माती पुसली आणि तिचा हात थबकला. "कारभारीदादा, यावर मानूस हाय. कुनाचं तरी पोरगं हाय."

"मावशे, सायेब माप घ्यायला येतोय. ढीग कमी भरला तर तुजा दिस धरायचा न्हाई. मी तरी काय करू?"

बाभळीखाली तिची नात भुकेने निपचित पडली होती. रंगुबाईने मला हात जोडले. "बाबा, माफ कर. माज्या पोराला बी असंच कुनी उचलून सरगात न्हेलं आसंल, एवढंच मनाशी धरून हाय मी."

तिने हातोडा उचलला. आधी पिंड फुटली, मग अप्सरा. पडलेल्या मुलापाशी मात्र हातोडा खाली येईना.

"एवढं न्हाई व्हायचं माज्याच्यानं," ती म्हणाली आणि तिने मला कडेला लोटलं.

ढीग कमीच भरला. तिचा दिवस धरला गेला नाही, मजुरी बुडाली. नातीला उचलून ती घरी गेली.

माझ्यावरचा स्वर्ग आता रस्त्याखाली दबला आहे. माझ्यापाशी फक्त लढाई उरली. मित्रांनो, असा दगड कुठे दिसला तर त्याला पायरी करू नका, फोडू नका. क्षणभर वाकून पाहा. त्यावर पडलेल्या मुलाची घरी कुणीतरी वाट पाहत होतं.