पॅसेजमधला पट्टा

आमच्या लेकीला डागांचं भारी वावडं. माहेरी यायची ती विसावा घ्यायला, पण आल्या आल्या बाह्या सरसावून घर घासत सुटायची. मला त्याचं कौतुकही वाटायचं आणि वैतागही यायचा.

तिचा खरा डोळा होता पॅसेजमधल्या भिंतीवर. ह्यांना, म्हणजे तिच्या बाबांना, अलीकडे कमी दिसायचं. खोलीतून बाथरूमपर्यंत ते भिंतीवर उजवा हात टेकवत जायचे. त्यामुळे कमरेच्या उंचीवर तेलकट, काळपट पट्टा उमटला होता. कोपऱ्यावर तर तो चांगलाच गडद, कारण वळण्याआधी ते तिथे जरा दम खायचे.

"आई, पाहुणे काय म्हणतील गं?"

"पाहुणे बाथरूमला जातील की भिंत बघत बसतील?"

पण ऐकेल ती आमची लेक कसली! साबणाचं पाणी आणि स्पंज घेऊन सकाळभर घासत बसली. डाग गेला नाहीच, उलट फिसकटला आणि जागोजागी रंग तेवढा निघून आला. मग हे माझ्या नणंदेकडे राहायला गेले असताना तिनं रंगारी बोलावला. त्यानं पॉलिश पेपर मारला, तेलकटपणा पुन्हा वर येऊ नये म्हणून प्रायमर लावला आणि त्यावर रंगाचे दोन हात दिले. भिंत अशी लख्ख झाली की मीसुद्धा खूश झाले, खोटं कशाला बोलू?

हे परत आल्यावर लेकीनं त्यांना भिंतीपुढे उभं केलं. "बाबा, कशी झालीये? आता हात लावाल तर बघा हं!" म्हणाली आणि हसली. हेही हसले. तिनं गमतीत म्हटलेलं ह्यांनी मनावर घेतलंय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ती सासरी गेल्यावर मी बघितलं. हे आपला हात भिंतीच्या जरासा अलीकडे धरून चालत होते. हात भिंतीबरोबर सरकायचा, पण टेकायचा नाही.

"अहो, टेकवा की. भिंत काय चावतेय?"

"पोरीनं हौसेनं केलंय गं."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि कामाला लागले. तेव्हाच त्यांचा हात धरून भिंतीवर टेकवायला हवा होता. ही चुटपुट आता जन्माची.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावर वळताना त्यांचा तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन करून घरी आणलं तेव्हा लेक पॅसेजमध्ये उभी होती. रडून रडून डोळे सुजले होते. "बाबा, भिंतीला धरा. हवी तेवढी घाण करा. मी चकार शब्द काढणार नाही."

ह्यांनी खाली बघितलं. दोन्ही मुठी वॉकरवर घट्ट आवळलेल्या.

"अगं वेडे, आता रिकामा हात कुठाय?"

आणि वॉकर पुढे टाकत ते हळूहळू बाथरूमकडे निघाले.

भिंत अजून तशीच लख्ख आहे. लेक आली की त्या भिंतीकडे बघत नाही.