ठरलेलं नाव

"टेबलं बागेतच मांडायची," आजीने सुनेला बजावलं. "बाहेर एवढी पालवी फुटलीय आणि माणसांना काय घरात कोंबायचं?"

"वारा सुटला की टेबलक्लॉथ उडतील, आई."

"मी शिवणार आहे ते. उडतील कसे?"

आजीने उभा जन्म दुकानात पडदे शिवण्यात घालवला होता. तिच्या शिवणीला कुणी नावं ठेवलेली तिला खपत नसत. केक कुठला आणायचा, कुरकुर करणाऱ्या आत्याला कुणाशेजारी बसवायचं, सगळं तिने एकहाती ठरवून टाकलं होतं. नातीचं बारसं होतं ना! नात चांगली चार वर्षांची घोडी होती, ही गोष्ट वेगळी. मुलाने आणि सुनेने तिला बालगृहातून आणलं, त्याला जेमतेम एक हिवाळा झाला होता. आल्यापासून ती आजीच्या पायांत घोटाळायची आणि आजी "अगं, पाडशील मला!" म्हणून ओरडत तिच्यावर जीव टाकायची.

घोडं अडलं होतं ते नावापाशी.

"तिला नाव आहे ना, आई," सून हळूच म्हणाली. "तिथल्या मावशींनी ठेवलेलं. हाक मारली की ओ देते."

"असू दे की. आता घरात आली, घरचं नाव नको?"

घरचं नाव कुठलं, ते आजीने सांगितलं नव्हतं. पण सुनेला अंदाज होता. तिच्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी झाली होती. नाव ठरलं होतं, पाहुण्यांना निरोप गेले होते, आणि बारशाच्या तोंडावर ती तापाने गेली. ते नाव आजी-आजोबांनी पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. पोटच्या मुलालाही ते माहीत नव्हतं.

"उद्या कार्डं छापायला द्यायचीत," सून म्हणाली. "तुम्ही सांगाल ते घालू." तिचा आवाज जड झाला होता. आजीच्या ते लक्षात आलं, पण तिने तिकडे कानाडोळा केला.

दुपारी आजी बागेत टेबलांची मापं घेत होती. टेपचं दुसरं टोक नातीच्या हातात होतं. ते मध्येच सोडून ती फुलपाखरामागे गेली. तिची आजीकडे पाठ होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. आजीने एकदा घसा साफ केला आणि ते नाव घेतलं.

पोरीने ऐकलंच नाही. आजीने पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने.

पोर थबकली. तिने आजीकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग स्वतःच्या मागे.

"कुणी नाहीये, आजी. कुठे गेली ती?"

आजी नुसती टेप गुंडाळत राहिली.

"लपलीय का?" असं म्हणून पोर कुंपणाच्या झुडपांत डोकं खुपसून शोधायला लागली. ते नाव घेऊन हाका मारू लागली. आजीच्या डोळ्यांना धार लागली. तिच्या लेकीला त्या नावाने आजवर कुणी शोधलं नव्हतं.

आवाज ऐकून आजोबा ओट्यावर आले. पोरीने त्यांचा हात ओढला. "आजोबा, ती सापडतच नाहीये!"

"कोण गं?"

पोरीने नाव सांगितलं.

आजोबांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती.

मग आजी आत गेली. "कार्डावर तिचंच नाव घाल," तिने सुनेला सांगितलं. "आपल्या पोरीचं. आहे तेच. मोठ्या अक्षरांत."

सुनेने तिचा हात घट्ट धरला. आजीने तो थोडा वेळ धरू दिला आणि मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

आजोबांचे गुडघे कधीचेच कामातून गेले होते. तरी ते कुंपणापाशी खाली बसले होते आणि नातीने दाखवलेलं एकेक झुडूप हाताने बाजूला सारून आत पाहत होते.